आक्का, जरा मीठ बघा

भीमनगर, सायखेडा
१५ जुलै २०२५

चि. प्रफुल्ल,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही, कोणी आजारी नाही. तुमच्या ‘नवी पहाट मित्रमंडळा’च्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मी रविवारी बाहेर पडलो, एवढंच झालं आहे. एका दिवसात दोनशे बारा निरोप आले, त्यातले एकशे नव्वद नुसते अंगठे. तुला फोन केला तर तू म्हणतोस, “दादा, मीटिंगमध्ये आहे.” सव्वीस वर्षं टपाल वाटतो आहे. आता माझ्या थैलीत बँकांची पाकिटं आणि आधार कार्डं असतात. माणसाने माणसाला लिहिलेलं पत्र शेवटचं कधी वाटलं ते आठवत नाही. तेव्हा म्हटलं, आपणच एक लिहावं.

रविवारी तुम्ही तेरा जण निळे टी-शर्ट घालून आलात. गाव सोडून गेलेली माणसं गावाची आठवण काढतात, हे चांगलंच आहे. पण विहारापुढे चाळीस रोपं लावलीत, तिथे ट्रॅक्टर वळतो. हे मी तुमच्या हर्षालीला सांगितलं. ती मुलगी म्हणाली, “काका, आता ट्रॅक्टरवाल्यांनी मानसिकता बदलायला हवी.” सोमवारी ट्रॅक्टरने अकरा रोपं आडवी केली. मानसिकता आहे तशीच आहे.

तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाला आहे. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं आणि मी जिथे बसून वाचतो नेमका तिथेच पत्रा गळतो. मी तुम्हाला एकच काम सांगितलं होतं, पत्रा बघा. तुम्ही त्याच्याखालची भिंत रंगवलीत आणि तिच्यावर लिहिलंत, ‘चला, गाव जागवू या!’ झुंबरमामा त्या भिंतीपुढे काठी टेकून उभा राहिला आणि म्हणाला, “मी तर पाचलाच उठतो बाबा. आजून किती लवकर उठू?”

हे सगळं मी सोडून दिलं असतं. पण तू भाषणात म्हणालास, “गावात आता माणूस माणसाला विचारत नाही.” ते मला लागलं.

तुला आक्काबाई आठवते ना? आपल्या वस्तीतल्या लग्नांचा रस्सा चाळीस वर्षं तिच्या हातचा. नुसत्या वासावरून मीठ सांगायची. तिचे मालक गेणूबाबा गेले आणि तिचे हात कापायला लागले. चूल पेटवता येईना, भाकरी थापता येईना. मूलबाळ नाही. आणि कुणी ताट वाढून दिलं तर झाकून परत पाठवायची. तेव्हा आमच्या आईने एक युक्ती केली. वाटीत कालवण, वर भाकरी ठेवून तिच्याकडे गेली आणि म्हणाली, “आक्का, जरा मीठ बघ गं. मला मेलीला चवच कळंना झालीय.” आक्काबाईने चाखलं, आईचा उद्धार केला, आणि उद्धार करता करता भाकरी संपवली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या सुलाबाईच्या जिभेचीही चव गेली. मग सगळ्या आळीची गेली. आई जाऊन चार वर्षं झाली, पण आजही रोज कोणी ना कोणी वाटी घेऊन तिच्या दाराशी जातं. “आक्का, जरा मीठ बघा.” कुणी पाळी लावलेली नाही, कुणी कुणाला आठवण करून देत नाही, आणि सात वर्षांत एकही दिवस चुकलेला नाही. आम्ही आपसातसुद्धा यावर बोलत नाही. तुला पहिल्यांदाच सांगतो आहे, तेही तुझ्या त्या वाक्याचा राग आला म्हणून.

तेव्हा गाव जागं आहे. पत्रा गळतो आहे.

रोहिणीला आणि मुलांना आशीर्वाद.
तुझा,
नवनाथदादा


नाशिक
२५ जुलै २०२५

प्रिय नवनाथदादा,
जय भीम.

तुझं पत्र आलं तेव्हा रोहिणीला वाटलं कोर्टाची नोटीस आहे. मी हाताने पत्र लिहितोय याला पंधरा वर्षं झाली असतील. अक्षराला हसू नकोस.

दादा, तुझं पत्र मी मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचलं. (झुंबरमामाचं वाक्य गाळलं.) आक्काबाईचा भाग सगळ्यांनी पुन्हा वाचायला लावला. हर्षाली तर रडली. आम्ही नाशिकमध्ये बसून कल्पना शोधतोय, आणि तुमच्याकडे एवढी मोठी गोष्ट सात वर्षं कुणाला माहीत नसताना चालू आहे! पण मला एक काळजी वाटली. हे सगळं तोंडी आहे. उद्या सुलाबाई आजारी पडली तर? एखाद्या दिवशी प्रत्येकाला वाटलं की दुसरा देईल, तर? चांगल्या कामाला व्यवस्था हवी, नाहीतर ते माणसांबरोबर संपतं.

म्हणून आम्ही ठरवलंय, ‘मायेचं ताट’. आठवड्याचं वेळापत्रक, घरांची नावं, झाकणाचा स्टीलचा डबा, त्यावर मंडळाचं चिन्ह. रविवारचा डबा आम्ही नाशिकहून आणणार. रविवारी, ३ ऑगस्टला उद्घाटन. आक्काबाईच्या घरावर लावायला फलकही तयार झालाय. तुझं नाव ‘प्रेरणा’ म्हणून टाकलंय. नाही म्हणू नकोस.

पत्र्याचं लक्षात आहे. तो दुसऱ्या टप्प्यात घेतलाय.

तुझा,
प्रफुल्ल


भीमनगर, सायखेडा
७ ऑगस्ट २०२५

प्रफुल्ल,
जय भीम.

तुझं पत्र मला दोन तारखेला, शनिवारी मिळालं. तुला लगेच फोन लावला. तू मीटिंगमध्ये होतास.

रविवारी उद्घाटन झालं आणि तुम्ही तासाभरात पुढच्या गावी गेलात. जाताना तू मला म्हणालास, “दादा, आक्का थोडी लाजली वाटतं.” ती लाजली नव्हती. मागे बसल्यामुळे तुला जे दिसलं नाही ते मी लिहितो.

तिच्या दाराशेजारी ड्रिलने चार भोकं पाडून फलक लावलात. त्यावर तिचा फोटो. तो कधी काढलात कोण जाणे, ती दारात बसून लसूण सोलते आहे. खाली लिहिलं आहे, ‘निराधार ज्येष्ठांसाठी मायेचं ताट’, आणि त्याखाली कुठल्या वारी कुणाचं घर ते. तिला वाचता येत नाही. तिने झुंबरमामाला विचारलं, “काय लिव्हलंय रं?” मामाने अक्षर अन् अक्षर वाचून दाखवलं. त्याला काय कळतं, कुठे थांबायचं ते!

मग हर्षालीने तिच्यापुढे डबा उघडला. पांढरा भात, पिवळं वरण, बटाट्याची भाजी, कोपऱ्यात शिरा. आक्काबाईने डब्याकडे बघितलं, मग मुलीकडे.

“मीठ बघायला आणलंय का?”

“नाही आजी, मीठ बरोबर आहे. हे तुमच्यासाठीच आहे. खा ना.”

“कुणी दिलं?”

“मंडळाने.”

“कशापायी?”

त्या मुलीने फलकाकडे बोट केलं. आक्काबाईने झाकण लावलं, डबा हर्षालीच्या मांडीवर ठेवला आणि आत जाऊन हात धुतले. अजून काही खाल्लेलं नसताना हात धुतले. तुम्ही तेव्हा बाहेर टाळ्या वाजवत होता.

सोमवारी आमची सिंधू गवारीची भाजी घेऊन गेली. नेहमीसारखं म्हणाली, “आक्का, जरा मीठ बघा.” आक्काबाई दारातूनच म्हणाली, “सिंधे, तुझ्या नावाचा सोमवार हाय म्हनं. बोर्डावर लिव्हलंय. ने घरी.” मंगळवारी सुलाबाई भरली वाटी तशीच घेऊन परत आली. बुधवारी कुणी गेलंच नाही. सात वर्षांत पहिल्यांदा. त्याच दिवशी ती स्वतः चुलीपुढे बसली होती. धूर होता, भाकरी झाली की नाही माहीत नाही. ग्रंथवाचनालाही येत नाही. तिची जागा पहिल्या रांगेत खांबाजवळ आहे, ती मोकळी असते आणि वाचताना माझं लक्ष तिथेच जातं.

तुम्ही खूप माया केलीत. आता तो फलक काढा.

नवनाथ


नाशिक
१६ ऑगस्ट २०२५

दादा,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, आणि खरं सांगू, थोडा रागही आला. आम्ही रविवारची सुट्टी मोडून येतो. कुणी म्हटलं नाही या म्हणून. आम्ही फोटोत चमकायला येतो असं तुला वाटत असेल तर तसं स्पष्ट लिही.

म्हातारी माणसं हट्टी असतात. दोन आठवडे जाऊ दे, सवय होईल. आमच्यात समुपदेशन शिकलेला एक मुलगा आहे, मनोज. त्याला पाठवू का? फलक लगेच काढला तर मंडळात काय सांगू? उद्घाटनाची बातमी सगळीकडे गेली आहे.

आणि एक विचारतो, रागावू नकोस. ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितली? मी तर सायखेड्याला वर्षातून चारदा येतो, मला स्वप्न पडलं होतं का? तूच लिहिलंस दादा. ‘मूलबाळ नाही’ हेही तूच लिहिलंस.

प्रफुल्ल

भाऊजी, मी रोहिणी. यांनी पाकीट बंद करायच्या आधी दोन ओळी लिहिते. तुमची दोन्ही पत्रं मी वाचली. मला एकच कळलं नाही. तुमच्या आई, आमच्या आत्या, वाटी घेऊन जायच्या तेव्हा मीठ खरंच कमी असायचं, की नुसतं विचारायच्या?


भीमनगर, सायखेडा
४ सप्टेंबर २०२५

चि. प्रफुल्ल आणि सौ. रोहिणी,
सप्रेम जय भीम.

उत्तराला उशीर झाला, कारण प्रफुल्लचं पत्र बरोबर होतं. चुकीच्या पत्राला मी लगेच उत्तर दिलं असतं. गोष्ट मीच सांगितली. गावाची बाजू मांडायची म्हणून सांगितली असं मी म्हणत होतो, पण विहारात बसून विचार केला तेव्हा दिसलं, मला मिरवायचं होतं. तुम्ही टी-शर्टावर मिरवलंत, मी पत्रात. आईने सात जन्मात कुणाला सांगितलं नसतं.

मनोजला पाठवू नका. आक्काबाई त्याचं समुपदेशन करील आणि तो पोरगा पुन्हा कुठल्या गावात जायचा नाही.

रोहिणी, तू विचारलंस ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीठ खरंच कमी असायचं. आई तिची वाटी आधी काढून घ्यायची आणि मग आमच्या पातेल्यात उरलेलं मीठ घालायची. म्हणायची, “खोटं इचारलं तर तिला लगेच कळंल. कायतरी खरंच उणं पाहिजे.” सिंधूलाही तिने तसंच शिकवलं. तुमच्या डब्यात सगळं बरोबर होतं, म्हणून आक्काबाईला बोलायला काही उरलं नाही.

दुसरी गोष्ट पहिल्या पत्रात मी लिहिली नव्हती. आक्काबाई आठ-नऊ वर्षांची असताना आईबरोबर टोपली घेऊन गावात भाकरी मागायला जायची. गावकीच्या कामाबद्दल आपल्या माणसांना तेव्हा तेच मिळायचं. उरलेलं, शिळं, हात लागू नये म्हणून वरून टाकलेलं. मग धम्म घेतला आणि वस्तीने ठरवलं, आता टोपली न्यायची नाही. तिच्या आईने ती टोपली गोदावरीत सोडली. आक्का काठावर उभी होती. टोपली वाहत कुठवर गेली तेही ती सांगते, सायखेड्याच्या जुन्या घाटापर्यंत. तेव्हापासून दिलेला घास तिने तोंडात घातलेला नाही. हे तुलाही लहानपणी तिने सांगितलं असेल, तू विसरलास. मला आठवत होतं आणि तरी मी तुला लिहिलं. कुणाची चूक मोठी ते तूच ठरव.

आता तातडीचं. परवा भाकरी उलटताना तिचा हात तव्यावर टेकला. तीन बोटं भाजली. मलम लावायला सिंधूला हात दिला, पण सिंधूने आणलेली वाटी नाही घेतली. फार वाळली आहे. काल मला म्हणाली, “नवनाथ, वर्षावास संपायची पौर्णिमा झाली की मी ओझरला भाचीकडं जाते. तिथं मला कुणी वळखत नाय. दाराला बोर्ड नाय.” भाचीचं घर दोन खोल्यांचं, माणसं सात. ती तिथे टिकायची नाही आणि तिला ते माहीत आहे.

पौर्णिमेला महिना उरला आहे. मी फलक उपटून टाकला असता, पण तो ज्याने लावला त्यानेच काढावा असं मला वाटतं. मंडळ आणू नकोस. एकटा ये.

दादा


नाशिक
२० सप्टेंबर २०२५

प्रिय दादा,

मी बुधवारी येऊन गेलो. रजा टाकली होती. तू टपाल वाटायला चांदोरीकडे गेला होतास म्हणून भेट झाली नाही, आणि खरं सांगतो, ते बरंच झालं.

येताना आमटी करून आणली होती. मी केली, रोहिणीने नाही. ती नुसती बाजूला उभी राहून हसत होती. कांदा करपला, तो काढला, पुन्हा घातला. मीठ किती कमी ठेवायचं ते तिलाही सांगता येईना. मग मी घातलंच नाही.

आक्काबाई दारात बसली होती, हाताला फडकं. मी पाना काढला आणि फलकाचे बोल्ट खोलायला लागलो. एक बोल्ट गंजला होता. अर्धा तास गेला. ती बघत होती. एकदा म्हणाली, “उलटा फिरव.” फलक निघाल्यावर भिंतीकडे बघून म्हणाली, “भोकं बुजव. मुंग्या शिरतील.” मी झुंबरमामाकडून मूठभर सिमेंट आणलं आणि भोकं बुजवली.

मग डबा घेऊन तिच्यापुढे गेलो. दादा, मी मोठमोठ्या सभांत बोलतो, पण ते चार शब्द माझ्या तोंडून निघेनात. मला भीती वाटली, ती विचारेल, “कुणी दिलं?” डबा उंबऱ्यावर ठेवला, पाया पडलो आणि बस पकडली. फलक मांडीवर आडवा घेऊन नाशिकपर्यंत आलो. कंडक्टरने विचारलं, “आजी कोण तुमची?” मी फलक पालथा घातला.

मंडळात मी सांगितलं आहे, ‘मायेचं ताट’ बंद. दोघांनी राजीनामे दिले. हर्षाली म्हणाली, “मी त्या दिवशीच सांगणार होते.”

डब्याचं काय झालं? तिने फेकून दिला असेल तरी कळव.

प्रफुल्ल


भीमनगर, सायखेडा
२६ सप्टेंबर २०२५

चि. प्रफुल्ल,
जय भीम.

खालचा मजकूर आक्काबाईचा, अक्षर फक्त माझं. एक शब्दही बदलायचा नाही अशी तंबी आहे, आणि पूर्ण झाल्यावर ती ते झुंबरमामाकडून वाचून घेणार आहे.

“प्रफुल्ल, तुझा डबा भेटला. आमटी चाखली. मीठ अजाबात नाय. कांदा करपलेला. चिंच कुणी घातली एवढी? तुझ्या बायकोनं असली केली नसंल, तुझीच हाय. बेचाळीस वरसांचा घोडा झालास आन् आमटी येत नाय. भाकरी कुस्करून खाल्ली, वाया कशापायी घालवू.

डबा ठिवून पळालास. इचारायचं असतंय. इचारल्याबिगर मी चाखत नाय. या येळंला चाखली, कारण तू भोकं नीट बुजवलीस.

नवनाथच्या आईला वाटायचं मला कळत नाय. चाळीस वरसं लग्नाच्या कढया मी उतरवल्या आन् तिच्या वाटीत मीठ मुद्दाम कमी हाय ते मला कळणार नाय? पैल्या दिशीच कळलं. मी बोलले नाय. ती येवढं करून यायची, मी सांगायची, ती ऐकायची. मीठ सांगणं हे काम हाय, कामाचं खायला मला लाज नाय. बोर्डावर तसं लिव्हलं असतं तर मी हसले असते.

नवनाथनं तुला सांगितलं ते लय वाईट केलं. हे त्यालाच लिव्हायला लावलंय.

काल सिंधू वांगं घिऊन आली. मीठ जास्ती. रागानं घातलं आसंल. तिला तसं सांगितलं. भाचीला निरोप धाडलाय, ओझरचं दिवाळीनंतर बघू म्हणून. पौर्णिमेला विहारात खीर हाय. तुमच्या पोरापोरींनी या आन् ढवळा. मी कढईशी बसंन. पैली वाटी मला आणायची, साखर बघायला. ते निळे कपडे घालून येऊ नका, खिरीवर रंग गळंल. आन् येताना शिडी आणा. नवनाथ वाचतो तिथं पाणी पडतंय, मी पैल्या रांगेत बसते, मला शिंतोडे उडत्यात.”

मजकूर संपला.

डबा आज टपालाने पाठवतो आहे. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून आक्काबाईने आत कागदाची पुडी ठेवली आहे. भाजलेल्या बोटांनीच बांधली, मला हात लावू दिला नाही. पुडीत मीठ आहे, चिमूटभर. म्हणाली, “त्याला लिव्ह. समदं मीठ घालायचं, आन् एवढं मागं ठिवायचं.”

दादा